पूररेषेच्या आत

केंद्र सरकारने विमानातून मोजून केलेल्या नकाशात आमची गल्ली कोरडी ठणठणीत होती. पालिकेच्या नोंदीत मात्र दोन वर्षांपूर्वीच्या पुरात तिथली तीन माणसं गेली होती. त्यातला एक माझा थोरला भाऊ. मी पालिकेत मोजणीदार.

दोन्ही कागद जुळेनात, म्हणून केंद्राने एक इंजिनिअर बाई पाठवल्या. "पाणी कुठवर चढलं त्याच्या खुणा तुम्ही दाखवा, जमिनीची उंची आमच्याकडे आहे. मिळून एकच पूररेषा काढू," त्या म्हणाल्या.

आठ दिवस आम्ही दारोदार हिंडलो. एका म्हाताऱ्यांनी विचारलं, "आत्ता आलात होय? तेव्हा आला असतात तर ताजं माप मिळालं असतं!" बाई हसल्या. मीही हसलो असेन.

नवव्या दिवशी वहिनीचं घर आलं. भिंती नुकत्याच रंगवलेल्या; खूण उरलीच नव्हती.

"मग हे घर सोडू या," मी म्हणालो. नोंद झाली नसती तर घर कदाचित रेषेबाहेर राहिलं असतं, आणि वरचा मजला बांधायचा वहिनीचा अर्ज मंजूर झाला असता.

वहिनी टेबलावर चढली, भिंतीला पाठ लावली आणि गळ्याशी बोट धरलं. "इथवर होतं. मी अशीच उभी होते. हे शेजारच्या आजींना आणायला म्हणून खाली उतरले."

"वहिनी, हे लिहिलं तर वरचा मजला विसरा."

"मोजा, भावजी. उद्या इथे कुणी भाड्याने आलं, तर त्याला कोण सांगणार?"

मी पट्टी धरली. बाईंनी वाचलं, "दोन मीटर तेरा." मी लिहून घेतलं.

तीन महिन्यांनी नकाशा मंजूर झाला. केंद्राचा आणि पालिकेचा शिक्का शेजारी शेजारी, गल्ली अख्खी निळी. अर्ज नामंजूर झाल्याचं पत्र वहिनीला मिळालं, तसा तिचा फोन आला. "टेकडीवर दोन खोल्या बघितल्यात. रविवारी सामान हलवायला याल?"

गेलो. कपाट दोघांना उचलेना, म्हणून आधी रिकामं केलं. दादाचे शर्ट घड्या घालून ठेवले होते.

"तुम्हाला होतील," वहिनी म्हणाली.

मी ते पिशवीत भरले.