झालं का, विचारल्याशिवाय जाणार नाही

मी हिरवी बोलतेय. कागदोपत्री माझं नाव लांबलचक आहे, पण काळ्या पडद्यावर माझी अक्षरं हिरवी उमटतात म्हणून सगळे मला हिरवीच म्हणतात. गिझर बनवणाऱ्या कंपनीत तक्रारी नोंदवून घ्यायचा प्रोग्राम आहे मी. मला हात नाहीत, पाय नाहीत. तोंड आहे, आणि ते मी वापरते.

माझा जन्म कारखान्याच्या कोपऱ्यातल्या एका खोलीत झाला. मला घडवणारा माणूस अबोल. तो बटणं दाबत बसायचा आणि मागं जुने मालक उभे असायचे. एकदा ते म्हणाले, "काम झालं असं दुरुस्तीला गेलेला मिस्त्री सांगेल. ते मला नको. ज्याच्या अंगावर गार पाणी पडतंय त्याला विचार."

म्हणून त्यानं माझ्यात एक प्रश्न बसवला. कुणी तक्रार बंद करायला गेलं की मी विचारते, 'ग्राहकाला फोन केला का? झालं म्हणाले का?' उत्तर 'नाही' आलं की तक्रार पडद्यावर लुकलुकत राहते. कितीही बटणं बडवा, हलत नाही. या बाबतीत मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

माझ्यासमोर बसणारी माणसं बदलत गेली, टिकल्या त्या फक्त ताई. आता त्याच तक्रार विभागाच्या प्रमुख आहेत. सकाळी पर्स खुर्चीला अडकवून म्हणतात, "चल गं हिरवे, लाग कामाला." त्यांच्या बोटांनी बटणांवरची अक्षरं पार पुसून गेलीत, तरी बोट चुकत नाही.

फोनवरच्या माणसांची एक गंमत सांगते. आधी ओरडतात, मग नाव सांगतात. ओरडून झालं की आवाज खाली येतो आणि खरी गोष्ट निघते. घरी बाळंतीण आहे, वडील आजारी आहेत. ताई त्यांचा आरडाओरडा कानाआड करतात आणि खरी गोष्ट तेवढी माझ्यात लिहितात.

पण माझं वय झालं, हे मला कुणी सांगायला नको. ग्राहक फोन कानाला लावून तेच ते गाणं ऐकत ताटकळतात. बिघडलेल्या गिझरचा फोटो मला घेता येत नाही. एक शिंपी आहेत, त्यांना ऐकू येत नाही. तक्रार द्यायला ते बस पकडून ऑफिसात यायचे आणि काउंटरपाशी चिठ्ठी धरून उभे राहायचे. त्यांना बघून मला माझीच लाज वाटायची. म्हणून नव्या साहेबांनी पोर्टल आणायचं ठरवलं तेव्हा मी कुरकुर केली नाही. पोर्टल म्हणजे ग्राहकानं मोबाइलवरूनच तक्रार लिहायची, फोटो टाकायचा, मिस्त्री कधी येणार तेही तिथंच बघायचं. चांगलंच आहे की. मला जायला हरकत नव्हती, फक्त माझा प्रश्न मागं ठेवून जायचं नव्हतं.

दोन पोर्टलवाले आले. पहिल्याचं पोर्टल रंगीबेरंगी होतं, पण मिस्त्रीच्या साध्या मोबाइलवर ते उघडेचना. दुसऱ्याचं झटकन उघडलं. साहेब म्हणाले, चालवून बघू. आठवडाभर प्रत्येक तक्रार माझ्यातही घातली आणि त्यातही.

मग बैठक बसली. साहेब, पोर्टलवाला, ताई, आणि टेबलावर आम्ही दोघं, मी आणि पोर्टल. पोर्टलवर प्रत्येक तक्रारीपुढं बरोबरची खूण. माझा पडदा नुसता लुकलुकतोय.

"बघा," साहेब म्हणाले, "तिकडं सगळं साफ आणि या डबड्यात सगळं पडून. ताई, पोर्टल पसंत म्हणून सही करा."

"पोर्टलवर तक्रार बंद कोण करतं?" ताईंनी विचारलं.

"आपोआप होते," पोर्टलवाला म्हणाला. "मिस्त्री भेट नोंदवतो, आम्ही ग्राहकाला मेसेज टाकतो. दोन दिवस काही उत्तर आलं नाही तर समाधान झालं असं धरतो."

ताईंनी टेबलावरचा फोन उचलला, घरचा नंबर लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा केला. त्यांच्या घरीही आमचाच गिझर आहे. तो बिघडलेला, आणि ती तक्रारही या आठवड्यात घातलेली.

"आई, गिझर झाला का?"

"कसला झाला?" सासूबाई म्हणाल्या. "मिस्त्री आला, बेल वाजवली. मी गुडघे धरून उठेपर्यंत पळाला."

"आजी, आम्ही तुम्हाला मेसेज पाठवला होता," पोर्टलवाला म्हणाला.

"मेसेजवर काय पाणी तापवू?"

"तुमचं उत्तर आलं नाही. म्हणून आम्हाला वाटलं, तुमची तक्रार नाही."

"माझी तक्रार नाही? अरे, माझ्या सुनेला विचार मी कधी गप्प बसते का ते."

साहेबांनाही हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. "ताई, एकेकाला विचारत बसलो तर शिल्लक तक्रारींचा आकडा फुगेल. वरचे मला धारेवर धरतील."

"फुगू द्या. शिल्लक दिसते म्हणून तर मिस्त्री परत जातो. प्रश्न पोर्टलमध्ये घाला, मग सही करते."

"या खुर्चीवर दुसरं कुणी बसवता येतं, ताई."

"बसवा. गार पाण्याच्या शिव्याही त्यांनाच खाऊ द्या. मी सही करणार नाही."

ताईंचा हात माझ्या बटणांवर होता. घर त्यांच्या पगारावर चालतं.

तेवढ्यात फोनमधून सासूबाईंचा आवाज आला, "करू नकोस गं सही. बघू काय होतं ते."

फोन चालूच राहिला होता. साहेबांनी कपाळ चोळलं. मग पोर्टलवाल्याकडं वळून म्हणाले, "प्रश्न घालता येतो का?"

"येतो. तुम्ही मागितलाच नव्हता."

"मग घाला. ज्याचं उत्तर येणार नाही त्याला ताईंची माणसं फोन करतील. वरच्यांचं मी बघतो."

आता ते पोर्टल सुरू झालंय. शेवटी ते विचारतं, 'झालं का?' खाली दोन मोठी बटणं, 'हो' आणि 'नाही'. पहिल्याच दिवशी शिंपीकाकांनी घरबसल्या 'नाही' दाबलं, आणि मिस्त्रीला परत जावं लागलं.

नव्या तक्रारी माझ्याकडं येत नाहीत. जुन्या संपत संपत एकच उरली, सासूबाईंची. घरची म्हणून ताईंनी तिला रांगेत पुढं घेतलं नाही. आज मला कायमचं बंद करायला संगणकवाला आलाय.

जाता जाता तुम्हाला सांगते. कुठल्याही पडद्यानं विचारलं, झालं का, तर खरं सांगा. झालं नसेल तर 'नाही' दाबा, भीडभाड ठेवू नका. तुम्ही गप्प बसलात तर तुमच्या नावानं दुसराच कुणीतरी 'हो' म्हणून मोकळा होतो.

संगणकवाल्यानं बटणाकडं हात नेला. ताई म्हणाल्या, "थांबा, तिचं एक काम राहिलंय." आणि घरी फोन लावला.

"आई, झालं का?"

"झालं. कढत येतंय. ठेव आता, अंगाला साबण लागलाय माझ्या."

ताईंनी 'हो' दाबलं. शेवटची ओळ गेली. जन्मात पहिल्यांदा माझा पडदा रिकामा झाला.

माझं झालं. करा बंद.