रंगाऱ्याचा पाय कसा नाचला

त्या एवढ्याशा खोलीत तीसेक माणसं कशी मावली होती, कोण जाणे. उरलेली जिन्यावर ताटकळत होती आणि आतल्यांना सारखी विचारत होती, हलला का, हलला का? आणि पाय हलला. खरोखर हलला. चार महिन्यांपूर्वी परांचीवरून पाठीवर पडलेल्या, कमरेखाली सुई टोचली तरी न कळणाऱ्या रंगाऱ्याचा उजवा पाय महाराजांच्या तळहातावर थाडथाड नाचू लागला. सगळ्यांचे हात आपोआप जोडले गेले. रंगाऱ्याची बायको तर ढसाढसा रडत होती.

"प्राण टाचेतून शिरला, त्याला आज नऊ दिवस झाले," महाराज डोळे मिटून म्हणाले. "रोज चार बोटं वर चढतोय. एकविसाव्या दिवशी हा आपल्या पायांनी जिना उतरेल. फक्त अजूनही त्याला कुशीवर वळवायचं नाही. वळवलं की प्राण सांडला."

जणू प्राण म्हणजे काठोकाठ भरलेली बादलीच.

दारात उभ्या असलेल्या व्यायामबाईंच्या डोक्यात तिडीक गेली. रुग्णालयातल्या त्यांच्या हुद्द्याचं नाव एवढं लांबलचक होतं की सगळे त्यांना व्यायामबाईच म्हणत. हातांवर जोर देऊन अंग कसं उचलायचं ते त्यांनी रंगाऱ्याला शिकवलं होतं, आणि एकाच अंगावर पडून जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी त्याला कुशीवर कसं वळवायचं ते त्याच्या बायकोला. त्याला घरी सोडल्यावरही त्या येऊन बघून जात. मग त्या नऊ दिवस रजेवर गेल्या. आज परतल्या तर वास जिन्यातच आला. त्यांनी गर्दीतून वाट काढली आणि चादर उचलून पाहिलं. जाताना पाठीच्या खालच्या टोकाशी कातडी नुसती लालसर होती. आता तिथे तळहाताएवढी जखम होती आणि तळाशी हाड दिसत होतं. रंगाऱ्याला त्याचा पत्ता नव्हता. अंग मात्र तापाने फणफणलं होतं.

आत्ताच्या आत्ता रुग्णालयात न्यायला हवं, असं बाईंनी सांगितलं. त्याच्या बायकोने त्यांचा हात धरला. "ताई, बाराच दिवस राहिलेत. तेवढं थांबा ना."

बारा दिवसांत हे विष रक्तात भिनलं तर जिना उतरेल, पण चौघांच्या खांद्यावरून, हे बाईंच्या ओठांवर आलं होतं. रंगारी ऐकत होता, म्हणून त्यांनी ते गिळलं. आणि गिळताना त्यांना स्वतःचाच संताप आला, कारण हे सगळं गिळण्यातूनच झालं होतं. अपघातानंतर सहाव्या आठवड्यात डॉक्टरांनी फेरीत त्याचा पाय असाच दाबला होता. तेव्हाही तो असाच नाचला होता. डॉक्टर आपसांत इंग्रजीत तीन शब्द बोलले आणि पुढच्या खाटेकडे गेले. रंगाऱ्याने आशेने विचारलं होतं, बाई, पाय हलला ना? आणि बाईंनी उत्तर दिलं होतं, बघू, व्यायाम चालू ठेवा. पेशंटचं मन मोडायचं नाही, अशी तिथली रीत. त्या रिकाम्या जागेत हा महाराज येऊन बसला होता.

आणि महाराज तरी कोण? बाईंनी दाढीवरून नव्हे, हातांवरून ओळखलं. गुडघा किंचित वाकवायचा, एक हात त्याच्याखाली, दुसऱ्याने पाऊल झटक्यात वर दाबायचं आणि दाबूनच धरायचं. हा गडी त्याच रुग्णालयात वर्षानुवर्षं स्ट्रेचर ढकलत होता. फेरीच्या वेळी खाटेच्या पायथ्याशी उभं राहून त्याने एवढी एकच गोष्ट उचलली होती.

"दोघांनी चादर धरा," बाई म्हणाल्या. "याला स्वतःचे पाय दिसता कामा नयेत. महाराज, मी खूण करीन तो पाय नाचवा. कुठला नाचतोय ते हा सांगेल. प्राण शिरलाय ना, मग कळेलच."

महाराजांनी ध्यानाची वेळ झाल्याचं सांगितलं. मग बाईच खाटेशी बसल्या. त्यांनी डावं पाऊल दाबलं. पाय थाडथाड नाचला. चादरीपलीकडून रंगारी म्हणाला, "उजवा." पुन्हा डावाच नाचवला. "थांबलाय," तो म्हणाला. पाय नाचतच होता. बाईंनी त्याला पाय स्वतः थांबवायला सांगितलं. त्याने दात आवळले, कपाळावर घाम आला. पाय थांबला नाही. बाईंनी हात काढला तसा थांबला.

"म्हणजे मीही महाराज झाले," बाई म्हणाल्या. मग त्यांनी चादर खाली घ्यायला लावली आणि रंगाऱ्याकडे बघून, सावकाश सांगितलं.

पाऊल झटक्यात दाबलं की पोटरी ताणली जाते. ती खबर मज्जातंतूतून पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूपर्यंत जाते, आणि मज्जारज्जू तिथूनच परस्पर हुकूम सोडतो, पोटरी आवळ. पाऊल खाली येतं. दाबणारा हात तिथेच असल्यामुळे पोटरी पुन्हा ताणली जाते, पुन्हा हुकूम, पुन्हा पाऊल खाली. या कारभारात मेंदूला कुणी विचारतच नाही. धडधाकट माणसात मेंदू वरून लगाम धरून असतो, म्हणून आपला पाय असा नाचत नाही. रंगाऱ्याचा मज्जारज्जू छातीच्या मागे तुटला होता. खालची खबर वर जात नव्हती, वरचा लगाम खाली पोचत नव्हता. पाय नाचत होता तो लगाम सुटला म्हणून.

तेवढ्यात महाराज जिन्याकडे सटकले होते.

"मग मी चालणार नाही," रंगारी म्हणाला.

"नाही," बाई म्हणाल्या. "चाकाच्या खुर्चीत बसाल, हातांनी काम कराल. पायांवर नाही."

"हे चार महिने का सांगितलं नाहीत?"

बाईंनी कारणं दिली नाहीत. "चुकलं माझं," एवढंच म्हणाल्या. रंगाऱ्याने बायकोकडे मान वळवली. तिला म्हणाला, "गाडी बोलाव."

तो वाचला. जखम भरायला सात महिने लागले, दोनदा कापावी लागली. नऊ दिवसांच्या थापेने एवढं केलं.

पाय हलला हे खोटं नव्हतं. तीस जणांनी डोळ्यांनी पाहिलं, ते खरंच होतं. खोटं होतं ते सांगितलेलं कारण, आणि ते तपासायला एक चादर पुरली. तेव्हा कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी म्हणा, जरा सरका, मला करून बघू द्या. जो सरकत नाही, त्याला दार दाखवा. आणि ज्यांना शरीराचं कळतं, त्यांनी मूग गिळून बसू नये. खाटेवरच्या माणसाला त्याच्या भाषेत, त्याच्याशेजारी बसून खरं काय ते सांगावं. त्याला ते सोसतं. सोसत नाही ती खोट्या आशेखाली किडणारी जखम.