तानाबाईंची तुळस

"आक्का, हात आवरा की! मंजिऱ्या खुडू नगा म्हणतोय न्हवं मी!"

कुंपणापलीकडून शंकरप्पा ओरडला आणि आमच्या सासूबाई, तानाबाई, भडकल्याच. चाळीस वर्षं रोज आंघोळ झाली की त्या तुळशीच्या मंजिऱ्या खुडत. ठेवल्या तर तुळशीला भार होतो म्हणे.

"माझी तुळस, माझा हात. तुझं काय जातंय रं?"

"माझ्या माशा उपाशी मरत्यात की."

कसबा बावड्यात आमच्या शेजारीच त्याची नर्सरी. धंद्याच्या नावानं बोंब! गिऱ्हाइकानं भरगच्च पाकळ्यांचं शोभेचं फूल मागितलं की हा म्हणणार, "पावणं, त्यात माशीला काय गावणार? सब्जा न्या, शेवगा न्या." नर्सरीमागच्या लाकडी पेटीत सातेरी मधमाश्या होत्या. पेटी त्याच्या बायकोची, नीलम्माची. ती जाऊन दोन वर्षं झाली होती. भोवतालच्या शेतांत प्लॉट पडले, फुलं संपली. खायला नसलं की माश्या पेटी सोडून जातात. त्या धास्तीनं तो दारोदार रोपं वाटत हिंडायचा. मला बाई हसू यायचं आणि वाईटही वाटायचं.

"नीलम्माच्या माशा हायत, आक्का. त्या गेल्या तर घरात काय ऱ्हातंय माझ्या?"

सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी तुळशीला नुसतं पाणी घातलं न् वळल्या. मी बघतेय म्हटल्यावर म्हणाल्या, "हात दुखतोय माझा." तो हात पुढं दोन महिने दुखत होता. तुळस नुसती फुलून गेली.

पण भाद्रपदात पेटी रिकामी झाली. दोन दिवस शंकरप्पानं नर्सरी उघडली नाही. तिसऱ्या दिवशी आमच्या परसातल्या भिंतीच्या भेगेतून माश्या ये-जा करताना दिसल्या.

"शंकरप्पा, तुझं बिऱ्हाड माझ्याकडं आलंय रं!" सासूबाई कुंपणाशी जाऊन ओरडल्या.

पेटी घेऊन तो धावतच आला. भिंतीला कान लावून उभा राहिला. सासूबाईंनी स्वतः पहार आणून दिली. "फोड. भिंत काय, लिंपता येती."

तुळशीवर माश्याच माश्या होत्या. तो बघत राहिला. मग पहार भिंतीला टेकवून ठेवली.

"नगं, आक्का. हितं पोटाला हाय त्यास्नी."

रिकामी पेटी खांद्यावर घेऊन फाटकापर्यंत गेला न् थांबला.

"सकाळी बघायला येऊ का? लांबनंच बघतो."

सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "इचारतोस काय, मेल्या? च्या प्यायलाच ये की."

दुसऱ्या दिवशी सात वाजता तो आला. इस्त्रीचा सदरा घालून आला होता.