कोणालाही न विचारता

दादा एकवीस वर्षांनी तुरुंगातून सुटला आणि पंधरा दिवसांत आमच्या कारखान्यात लागला. प्रयोगशाळेची काचेची भांडी बनवणारा लहानसा कारखाना. मी तिथे तपासणी विभागात आहे. मालकांकडे मीच शब्द टाकला होता. तीन महिने बघू, मग कायम करू, असं ठरलं. इथे कायम झाला नाही तर ह्या वयात त्याला दुसरं कोणी घेणार नाही, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

काम सोपं होतं. तयार भांडी भट्टीत पाचशे साठ अंशांवर ठेवून मग सावकाश निववायची असतात, नाहीतर ती पुढे केव्हाही तडकतात. दादाने दर पंधरा मिनिटांनी तापमान वहीत लिहायचं.

दुसऱ्या महिन्यात एका दुपारी भट्टीचा नियंत्रक बिघडला. दादाने लिहिलं : पाचशे साठ. पाचशे नव्वद. सहाशे चाळीस. सातशे. सातशे साठ. बंद करायचं बटण त्याच्या कोपरापासून वीतभर लांब होतं. दीडशे चंचुपात्रांनी आतल्या आत माना टाकल्या.

"अहो, तुम्हाला दिसत नव्हतं का?" मालक ओरडले.

"दिसत होतं, साहेब. लिहिलंय."

"मग बटण का नाही दाबलं?"

"दाब म्हणून कोणी सांगितलं नव्हतं."

"ह्याच्या घराला आग लागली तर हा धूर मोजत बसेल," भट्टीत माल भरणारा कामगार म्हणाला. सगळे हसले. दादाही हसला. तुरुंगात एकदा वाहता नळ न विचारता बंद केला म्हणून त्याला आठ दिवस एकट्याला कोंडलं होतं, हे त्याने मला घरी जाताना सांगितलं.

मालक त्याला त्याच दिवशी काढणार होते. पण चौकशीसाठी जुन्या वह्या निघाल्या, आणि इतरांच्या वह्यांत भट्टी नऊ वर्षं पाचशे साठवरून एका अंशानेही हललेली नव्हती. इतकी गुणी भट्टी जगात नसते. खरं लिहिणारा माणूस एकच निघाला, आणि माल त्यानेच घालवला होता. मालकांची पंचाईत झाली.

तिसरा महिना संपताना ते नेमणुकीचं पत्र घेऊन आले. त्यात शिफ्टची जागा कोरी होती.

"सकाळची की दुपारची, तुम्ही भरा. तीनच्या आत. कोणाला विचारायचं नाही. एवढं जमलं तर नोकरी तुमची."

दादा सरळ माझ्या टेबलाशी आला. "छोटे, काय लिहू?"

"विचारायचं नाही म्हणाले ना?"

"तू काय परकी आहेस?"

"दादा, तुझं तू ठरव."

हे म्हणताना मला आपण फार मोठं मन दाखवतोय असं वाटलं. तो सकाळची लिहिणार हे मी धरूनच चालले होते. मी सकाळचीच येते. निघणं बरोबर, डबा बरोबर, परतणं बरोबर. काय घालायचं, कधी जेवायचं, रस्ता कुठे ओलांडायचा, सगळं मीच बघत होते.

तीनला दोन मिनिटं असताना त्याने लिहिलं. मी मान लांब करून पाहिलं. दुपारची.

"दुपारची? का रे?"

"सकाळी झोपायचंय."

"आणि तुला बसमध्ये कोण बसवून देणार?"

"त्यात काय? दार उघडंच असतं की."

"नीट विचार कर. अजून दोन मिनिटं आहेत."

"केला," तो म्हणाला. कपाळावर घाम होता, पण पेनाला टोपण लावून झालं होतं.

पत्राच्या तळाशी शिफारस करणाऱ्याच्या सहीची जागा होती. तीनच्या ठोक्याला मालक आले आणि त्यांनी पत्र माझ्यापुढे सरकवलं. ह्याला अजून कळत नाही, एक दिवस द्या, हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं.

"मॅडम, सही," मालक म्हणाले.

मी सही केली. उद्या सकाळी साडेसहाला मी निघेन तेव्हा दादा झोपलेला असेल. डबा एकाचा करायचा की दोघांचा, हे माझं अजून ठरलेलं नाही.