पोटावरची भेग

डोक्याच्या जागी कमळ असलेल्या, मूल देणाऱ्या लज्जागौरीच्या मातीच्या मूर्तीच्या पोटावरची भेग काल नखाएवढी होती. आज ती बोटभर झाली होती. मूर्ती घडवणाऱ्या कोमलने हात लावून पाहिला. बाकीची मूर्ती सुकत आली होती, पोट तेवढं ओलं होतं. सुकापूरच्या घराच्या पडवीत तिची सासू पाण्याचा तांब्या घेऊनच उभी होती.

"रोज न्हाऊ घालते तिला. पुढचं पोर तरी जगंल तुझं."

"आई, माती कच्ची आहे. पाण्याने फुटते."

"देवी नाय फुटत. तुझंच मन लागत नाय."

तीन वेळा सातव्या महिन्यात कोमलचं मूल गेलं होतं. काल तिने ओल्या मातीने भेग बुजवली होती. आज तिने भेग बुजवली नाही. हात पुसून ती म्हणाली, "आई, मला आता मूल नको."