एकेकट्यानं करायच्या कार्डांची पेटी

मी एक जुनी पेटी आहे, मित्रांनो. बाभळीच्या लाकडाची, दोन हात लांब आणि एक हात रुंद. बिजागऱ्या गंजल्यामुळे उघडताना मी किरकिरते. माझ्यात कधी दागिने ठेवले नाहीत की रेशमी कपडे. माझ्यात कार्डं होती. त्यातल्या एका कार्डानं एकदा आमच्या सगळ्या वाडीला घाबरवलं, आणि सगळ्यात जास्त मला. तेच तुम्हाला सांगणार आहे.

अहमदपूरहून तीन कोसांवर आमची वाडी. शाळेला खोली एकच, शिक्षक एकच, आणि पहिली ते चौथीची मुलं एका बसकरावर. शिक्षकांचं नाव पंचाक्षरी. अंगानं किडकिडीत, बोलायला मऊ. पहिलीला अक्षरं शिकवायला बसले की चौथीची मुलं जांभया द्यायची, चौथीला भागाकार शिकवायला लागले की पहिलीची मुलं एकमेकांच्या पाट्या ओढायची. गुरुजींनी मग एक युक्ती काढली. मोडक्या बाकाच्या फळ्या सुताराकडे नेऊन त्यांनी मला करवून घेतलं. वाडीतल्या घरोघरून जुन्या लग्नपत्रिका गोळा केल्या, त्यांच्या कोऱ्या पाठींवर वळणदार अक्षरात एकेक काम लिहिलं आणि ती कार्डं माझ्यात लावून ठेवली. माझ्या दर्शनी बाजूवर शाळेचं नाव रंगवलं आणि खाली जिल्हा उस्मानाबाद. पुढे लातूर वेगळा जिल्हा झाला, तेव्हा मुलांनी ते नाव विटकरीनं घासून काढलं आणि मोठ्या हौसेनं लातूर लिहिलं. घासताना मला पुष्कळ ओरखडे पडले. तरी त्या दिवशी मी फार मिरवले.

कामं छोटी होती. पाव तासात होतील अशी. मुंग्यांच्या रांगेवर बोट फिरव आणि त्या काय करतात ते पाहा. डोळे मिटून पाच आवाज ओळख. शाळेच्या दारापासून कडुलिंबापर्यंत तुझी पावलं किती, आणि गुरुजींची किती. नियम एकच होता. ज्याचं काम झालं त्यानं आपणहून उठावं, कार्ड घ्यावं, एकट्यानं करावं, कुणाला विचारू नये. जे दिसलं ते चिठ्ठीवर लिहून माझ्या कप्प्यात टाकावं. ते चूक की बरोबर असं गुरुजी कधी म्हणत नसत. ते फक्त विचारत, तू स्वतः पाहिलंस का? माझी जागा खिडकीत होती. तिथून अंगण दिसे, आणि अंगणापलीकडे वाडीची पाण्याची विहीर.

जिल्हा होऊन तीन वर्षं झाली आणि पावसानं पाठ फिरवली. पहिल्या वर्षी पेरलेलं वाळून गेलं. दुसऱ्या वर्षी पेरायलाच कुणी गेलं नाही. बसकरावरची मुलं कमी होऊ लागली, कारण त्यांचे आईबाप खडी फोडायच्या कामावर गेले आणि पोरांनाही सोबत नेलं. काळ्या रानाला हात आत जाईल एवढ्या भेगा पडल्या. माझंही लाकूड सुकलं आणि फळ्यांच्या फटी रुंदावल्या. मला भीती वाटायची, मी अशीच उकलून पडेन आणि कार्डं वाऱ्यावर उडून जातील. पण ती भीती फार लहान होती, हे मला पुढे कळलं.

गुरुजींनी त्या उन्हाळ्यात नवं कार्ड लिहिलं. त्याचा क्रमांक एकेचाळीस होता, आणि काम रोज पाव तासाचंच, पण सात दिवसांचं. त्यावर लिहिलं होतं: जमिनीतल्या दोन भेगा निवड, एकमेकींपासून लांब. प्रत्येकीच्या दोन्ही काठांना खुंट्या ठोक. दोन खुंट्यांच्या मधे नेमकी बसेल एवढी तुराटीची काडी तोड. रोज त्याच वेळी जा. काडी ढिली झाली असेल तर नवी तोड, जुनी फेकू नको. सात दिवसांनी सगळ्या काड्या शेजारी शेजारी ठेव.

हे कार्ड शिवकांतानं घेतलं. तिसरीतली मुलगी, रेवणप्पांची. तिच्या प्रश्नांना घरात सगळे कंटाळले होते, म्हणून ती शाळेत लवकर येऊन बसायची. तिनं एक भेग आपल्या रानातली निवडली आणि दुसरी विहिरीजवळची.

त्या दिवसांत विहीर खोल करण्याचं काम चाललं होतं. माणसं खाली सुरुंग लावत, मुरूम वर ओढत, आणि उत्तरेच्या काठावर त्याचा ढीग घालत. बघता बघता तो ढीग माणसाच्या डोक्याच्या वर गेला. शिवकांताची भेग त्या ढिगाच्या मागे होती, विहिरीपासून नऊ-दहा पावलांवर. काठापासून लांब असल्यामुळे तिला कुणी हटकलं नाही. खोदकाम सुरू होण्याआधी सकाळी बायका पायऱ्यांनी खाली उतरत आणि तळाच्या झऱ्यातून वाटीवाटीनं घागर भरत. दगडी पायऱ्या उत्तरेलाच होत्या, ढिगाच्या बरोबर खाली.

रोज सकाळी शिवकांता काड्या आणून माझ्या झाकणावर मांडी. डावीकडे रानातल्या, उजवीकडे विहिरीजवळच्या. रानातल्या काड्या सारख्याच राहिल्या, फार तर नखाएवढा फरक. विहिरीजवळची दुसरी काडी पहिलीपेक्षा लांब होती. तिसरी आणखी लांब. पाचव्या दिवशी मी दोन्हीकडच्या काड्या नीट पाहिल्या. भेग कशानं वाढते ते मला कळत नव्हतं. पण एका बाजूच्या काड्या शांत आहेत आणि दुसऱ्या बाजूच्या पायऱ्यांसारख्या चढताहेत, एवढं मला दिसत होतं. खिडकीतून मला खाली उतरणाऱ्या बायका दिसत. त्यात शिवकांताची आई नीलाबाईही असे. मला तोंड नव्हतं, मित्रांनो. कुणाला काही ओरडून सांगता येईना.

सहाव्या दिवशी शिवकांतानं गुरुजींना काड्या दाखवल्या. गुरुजी स्वतः फूटपट्टी घेऊन गेले आणि परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. मधल्या सुट्टीत त्यांनी सरपंचांना बोलावून घेतलं. सरपंच शेषेराव वाईट माणूस नव्हते. विहिरीचं काम मंजूर करून घ्यायला त्यांनी लातूरच्या नव्या कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. टँकर तीन दिवसांतून एकदा येई, तोही आला तर. काम थांबवलं तर लोक काय पितील, हे त्यांनी गुरुजींना दोनदा विचारलं. भेगा तर सगळ्या शिवारात आहेत, असंही म्हणाले. मग त्यांची नजर माझ्यावर पडली.

"गुरुजी, लेकरांना भ्या घालणारे कागद बंद करा," ते हळूच म्हणाले. "उद्या बाया उतरायच्या थांबल्या तर घराघरात पाणी न्हाई. मग मला बी झेपनार न्हाई आन् तुम्हाला बी."

 गुरुजी परगावचे होते, आणि वाडीच्या मनाविरुद्ध गेलेल्या मास्तराची बदली कुठे होते हे त्यांना ठाऊक होतं. शाळा सुटल्यावर त्यांनी कपाटाचं कुलूप काढून मला लावलं. किल्ली त्यांनी खिशात टाकली. ते कुलूप फारसं जड नव्हतं, पण मला त्याचा भार सोसेना.

सातवा दिवस बाजाराचा होता. खोदकाम बंद, माणसं अहमदपूरला गेलेली, म्हणून बायकांना दिवसभर विहीर मोकळी होती. सकाळी पाच बायका खाली उतरल्या, नीलाबाई त्यात होती. गुरुजी पहिलीला अक्षरं गिरवायला लावत होते. बसकरावर शिवकांताची जागा रिकामी होती. मी खिडकीतून पाहिलं तर ती ढिगामागे बसली होती. मग ती उठली आणि विहिरीकडे पळत सुटली. माझा जीव उडाला. ती काठावरून घसरली तर? तिला तिथे पाठवणारं कार्ड माझ्यातलंच होतं. मला कुलूप लावलं तरी ते कार्ड तिच्या दप्तरात राहिलं होतं.

विहिरीवर काय बोलणं झालं ते गुरुजींनी नंतर वर्गात सांगितलं, म्हणून मला कळलं. वर रांग लावायचं काम धोंडाबाई करायच्या. वयानं साठीच्या, आवाजानं करड्या. अक्षरओळख नाही, पण रांगेत कुणाची घागर कितवी हे त्यांना पाठ असे. शिवकांतानं सगळ्या काड्या त्यांच्यासमोर मातीत मांडल्या.

धोंडाबाईंनी पहिल्या काडीवरून शेवटच्या काडीवर बोट फिरवलं. "ही आजची?" त्यांनी विचारलं.

"न्हाई, कालची. आज ती बसतच न्हाई, आत पडाया लागली," शिवकांता म्हणाली. "रानातली भेग हाय तशी हाय. ही वाढून राहिली. माझी माय खाली हाय."

धोंडाबाई उठल्या. पदर खोचला, दक्षिणेच्या काठावर गेल्या आणि खालच्या बायकांना सांगितलं, घागरी सोडा, पायऱ्यांनी येऊ नका, इकडून या. दक्षिणेला खोदणाऱ्यांनी पाय ठेवायला खोबण्या पाडल्या होत्या आणि लिंबाला दोर बांधला होता. बायका कुरकुरल्या. अर्ध्या भरलेल्या घागरी सोडायच्या कशा? पण धोंडाबाईंचा शब्द मोडायची सवय कुणाला नव्हती. एकेक जण दोर धरून वर येऊ लागली. पहिली आली. दुसरी आली. तिसरीचा पाय खोबणीतून निसटला आणि ती क्षणभर नुसत्या दोरावर लोंबली. गुरुजी वर्ग सोडून धावले आणि त्यांनी दोर घट्ट धरला. नीलाबाई सगळ्यात शेवटी आली, पाठीला पदरानं घागर बांधून. एवढं सांगूनही तिनं घागर सोडली नव्हती.

आणि मग काहीच झालं नाही.

मित्रांनो, त्या दिवसातला सगळ्यात भीतीचा वेळ तो होता. ऊन चढलं. विहीर होती तशीच होती. बायका बडबडू लागल्या. तान्ही लेकरं पाण्यासाठी रडत होती. कुणी म्हणालं, एका पोरीच्या काड्यांनी दिवस बुडवला. शेषेराव बाजारातून परतले आणि त्यांनी सगळं ऐकून घेतलं. शिवकांता लिंबाखाली आईला चिकटून उभी होती.  विहीर ढासळू नये असं तिला वाटत होतं, आणि नाही ढासळली तर उद्या कुणाला तोंड कसं दाखवायचं, असंही वाटत होतं. मलाही तसंच वाटत होतं. विहीर पडावी असं मनात आलं म्हणून मी स्वतःवरच चिडले. दोन बायका पदर खोचून पुन्हा पायऱ्यांकडे निघाल्या. धोंडाबाई त्यांच्या वाटेत पहिल्या पायरीवर बसून राहिल्या. त्यांना हलवायची कुणाची हिंमत झाली नाही. शेवटी गुरुजींनीच हात धरून त्यांना तिथून उठवलं, आणि भेगेच्या अलीकडे वाटेत आडवी दोरी बांधून स्वतः तिथे उभे राहिले.

"उतरायचं आसंल तर आधी मला ढकला," ते म्हणाले. इतक्या वर्षांत मी त्यांचा असा आवाज ऐकला नव्हता.

दुपार कलली तेव्हा आधी बारीक खडे घरंगळल्याचा आवाज आला. मग माझी खिडकी हादरली. मुरमाचा अख्खा ढीग, त्याखालची जमीन आणि सगळ्या पायऱ्या एकदम आत गेल्या. धुळीनं अंगण भरलं. धूळ बसली तेव्हा उत्तरेचा काठ नव्हता, पायऱ्या नव्हत्या आणि तळाचा झराही नव्हता.  शिवकांता तेवढी रडली. माणसं वाचली म्हणून ती रडत नव्हती. तिनं आईला विचारलं, "आता पाणी कुठलं?"

पाण्याचे हाल झालेच. पुढचा महिनाभर बायकांना पाऊण कोसावरच्या मळ्यातून पाणी आणावं लागलं. शेषेराव दुसऱ्याच दिवशी लातूरला गेले आणि टँकर रोज येईल असं करून आले. परत आल्यावर ते शाळेत आले, शिवकांताच्या डोक्यावर हात ठेवला आणि निघून गेले.

गुरुजींनी माझं कुलूप काढलं. सगळ्या मुलांसमोर ते म्हणाले, "लेकरांनो, शिवकांतानं बरोबर पाहिलं होतं. मी बी पाहिलं होतं. पण मी भ्यालो आणि पेटी बंद केली. तुम्ही भ्यालात तरी चालंल, पाहणं बंद करू नका." त्यानंतर मला कधीच कुलूप लागलं नाही.

आठ दिवसांनी धोंडाबाई शाळेच्या दारात आल्या. गुरुजींनी त्यांना बाकावर बसायला सांगितलं. त्या माझ्याजवळ आल्या, कार्डांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "मला बी एक द्या. वाचाया येत न्हाई, ही पोर वाचून दावंल." शिवकांतानं त्यांना एक कार्ड निवडून दिलं. धोंडाबाई पाव तास अंगणात एकट्याच मुंग्यांपुढे उकिडव्या बसल्या होत्या, आणि चौथीची मुलं आवाज न करता त्यांच्याकडे पाहत होती.

आता गुरुजी नाहीत. शाळेला चार खोल्या झाल्या आहेत, आणि मी एका खोलीच्या कोपऱ्यात नकाशांच्या गुंडाळ्यांखाली पडून आहे. वाळवीनं माझा एक पाय खाल्ला. काही कार्डांवरची शाई उडाली. मला वाळवीची भीती वाटते, हे खोटं कशाला सांगू? पण त्याहून जास्त भीती मला रिकाम्या पाव तासाची वाटते, ज्यात एखाद्या मुलाला काही पाहायचं असतं आणि कुणीतरी त्याला गप्प बस म्हणून सांगतं.

मित्रांनो, तुमच्या शाळेत अशी एखादी पेटी धूळ खात असेल तर तिच्यावरचं ओझं बाजूला करा. फाटलेली कार्डं चिकटवा, पुसलेली अक्षरं पुन्हा लिहा. आणि एखादी लहान मुलगी हातात चार काड्या घेऊन तुमच्यासमोर उभी राहिली, तर तिचं बोलणं पुरतं ऐकून घ्या. उशीर करू नका.