टायटसची वेस

शालनने पैठणीचा पदर खोचला आणि खाली वाकून स्पोर्ट्स शूजच्या नाड्या करकचून बांधल्या. रोमच्या त्या उन्हात पैठणी नेसलेली ती एकटीच. लोक वळून बघत होते. बघोत! हडपसरहून इतक्या लांब ती काही लपायला आली नव्हती.

समोर सम्राट टायटसची विजयकमान उभी होती.

"आई, मी पलीकडे जाऊन व्हिडिओ काढते. मग तू ये," पूर्वा म्हणाली.

"मधोमध येणार मी. कडेकडेने नाही."

लेकीला कारण पाठ होतं. शालनच्या आजीला, चंद्रभागेला, गावच्या वेशीतून जायची मुभा नव्हती. डोक्यावर सरपणाचा भारा असो की पोटात बाळ, तिने ओढ्याकडून वळसा घालायचा. त्या वेशीतून एकदा ताठ मानेने जायचं, हे शालनने लहानपणीच ठरवलं होतं. पण रस्ता रुंद करताना वेसच पाडली. गावकऱ्यांपेक्षा तिलाच जास्त वाईट वाटलं. मग म्हणाली, आता बादशहाचीच बघू.

चढावर गुडघा कुरकुरला, तरी ती थांबली नाही. कमानीपाशी मात्र तिला एक वृद्ध गृहस्थ दिसले. डोक्यावर छोटी गोल टोपी, हातात काठी. सगळे खालून जात असताना हे एकटेच बाजूच्या खडबडीत दगडांवरून निघाले होते.

शालनच्या कपाळावर आठी चढली. पुढे निघालेल्या पूर्वाला तिने हाक मारून थांबवलं. "त्यांना का गं आतून सोडत नाहीत? विचार जा. कोण अडवतंय बघू!"

पूर्वा त्यांच्याशी इंग्रजीत बोलून आली.

"कुणीच नाही गं. ज्यू आहेत ते. टायटसने त्यांचं जेरुसलेम लुटलं, माणसं गुलाम करून आणली. त्याच विजयाची ही कमान. हिच्याखालून जायचं नाही, अशी जुनी रीत आहे त्यांच्यात."

"म्हणजे स्वतःहून?"

"स्वतःहून."

शालनने मान वर केली. कमानीच्या आत लुटीची मिरवणूक कोरलेली होती. खांद्यांवर ओझी घेतलेली माणसं ती बराच वेळ बघत राहिली. मग बाजूला वळली.

"आई! इतकी वर्षं बोलतेयस, आणि आता? तुला कुठे कुणी अडवलंय?"

"नाही अडवलं, म्हणून तर घालता येतोय वळसा."

आणि निऱ्या हातात धरून ती दगडांवरून इतक्या झपाझप निघाली, की ते वृद्ध गृहस्थ मागेच पडले.